जुनी मिस्सा आणि नवा राग

या खेपेस टपालात एकाच सुराची बरीच पत्रं आली. कुणाला जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे आपली भाकर-द्राक्षारसाची उपासना, परत हवी आहे, कुणाचा रोमवरचा विश्वास उडाला आहे, कुणाला नुसतं मन मोकळं करायचं आहे. एका गृहस्थांनी चार पानं लाल शाईने लिहिली आहेत. पाच पत्रं निवडली. लाल शाईचं त्यांत आहे, पण चार ओळीच छापतो.

"फादर, मी २६ वर्षांचा इंजिनिअर. वर्षापूर्वी फोनवर जुन्या लॅटिन मिस्सेचं चित्रण पाहिलं आणि रडूच आलं. ही आपलीच उपासना, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं! तेव्हापासून नव्या मिस्सेत मन लागत नाही. टाळ्या, गिटार, प्रवचनातले विनोद. गेले पाच महिने मी रविवारी चर्चला जात नाही. खोलीत मेणबत्ती लावून फोनवर लॅटिन मिस्सा बघतो. व्हॅटिकन परिषदेने आपला ठेवा मोडीत काढला असं वाचलं. नवी मिस्सा खरी तरी आहे का?"

बाळा, रडलास ते बरं झालं. हल्ली मिस्सेत रडतं कोण?

मी १९५८ साली दहा वर्षांचा वेदीसेवक होतो. पायरीशी गुडघे टेकून फादर म्हणायचे, "इंत्रोइबो आद आल्तारे देई", आणि आम्ही पोरं एका दमात उत्तर द्यायचो, "आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तूतेम मेआम." माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे मी जाईन. तेव्हा तारुण्य यायचं होतं, आता कधीच गेलं. ओळ मात्र अजून तोंडात आहे. सगळ्यात अवघड उत्तर "सुशिपियात"चं. पहिला शब्द खणखणीत, मधलं सगळं पुटपुटत गिळायचं आणि शेवटचं "सांक्ते" पुन्हा मोठ्याने. फादरांना ते कळत होतं, देवालाही कळत असणार.

तू फोनवर पाहिलीस ती बहुधा सणाची गायन-मिस्सा. धूप, सहा मेणबत्त्या, तालीम झालेला गायकवृंद. आमची रोजची मिस्सा सकाळी सहाची, कुजबुजीतली, वीस मिनिटांत उरकलेली. बाया मागे बसून जपमाळ करायच्या, पुरुष खांबाला टेकून डुलक्या घ्यायचे. घंटा वाजली की सगळे दचकून माना खाली घालायचे. त्या घंटेचं काम ख्रिस्त आला हे सांगायचं होतं, आमच्याकडे ती झोपही मोडायची. हे तुला चिडवायला लिहीत नाही. त्या कुजबुजीत एक धाक होता आणि तो आम्ही घालवला, हे मी नाकारत नाही. पण आठवणीतलं जुनं आणि अंगावर काढलेलं जुनं यांत फरक असतो.

आता परिषदेबद्दल. दुसरी व्हॅटिकन परिषद, जगभरच्या बिशपांची सभा, ११ ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाली आणि ८ डिसेंबर १९६५ ला संपली. तिने १६ दस्तऐवज दिले. उपासनेवरचा पहिला, ४ डिसेंबर १९६३ चा, बाजूने २१४७ आणि विरोधात ४ अशा मतांनी मंजूर झाला. तो उघडून वाच, लांब नाही. लॅटिन विधींत लॅटिन भाषा जपावी, लोकभाषेला अधिक वाव देता येईल, असं ३६ व्या कलमात आहे. ११६ वं कलम ग्रेगरियन गायनाला मानाचं स्थान देतं. वेदीमागे उभं राहून लोकांकडे तोंड करा, असं त्यात कुठेही नाही. म्हणजे तुझं भांडण परिषदेशी कमी आणि परिषदेच्या नावावर पुढे जे खपवलं गेलं त्याच्याशी जास्त आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्यास तर अर्धा राग जागीच उतरेल.

खपवणाऱ्यांत मीही होतो, म्हणून सांगतो. १९७८ साल. दीक्षा होऊन चार वर्षं झाली होती. एका जुन्या चर्चमध्ये सहायक धर्मगुरू होतो आणि अंगात नव्या वाऱ्याचा जोर. वेदीपुढे सागवानी कठडा होता, त्याच्या पायाशी, ख्रिस्तशरीर म्हणजे मिस्सेतली भाकर घेताना, गुडघे टेकायची लांब फळी. लोक आणि वेदी यांच्यामध्ये कुंपण कशाला, असं म्हणून मी मोठ्या फादरांच्या मागे लागलो आणि त्यांना पटवलं. कठडे काढा असं परिषदेच्या एकाही दस्तऐवजात नाही. मी तपासलंच नव्हतं, सगळेच काढत होते. सुतार आला. त्याने फळी उचकटून अंगणात उन्हात टाकली, तेव्हा मला ती पहिल्यांदा नीट दिसली. वरच्या अंगाला जोडीजोडीने खळगे पडले होते. डोळ्याला जेमतेम दिसत, पण हात फिरवला की लागत. सर्वांत खोल जोडी टोकाला, खांबाजवळची. म्हाताऱ्या तिथे टेकायच्या, कारण उठताना खांबाचा आधार मिळायचा. सुतार म्हणाला, "फादर, रंधा मारून सरळ करू? दोन बाकं निघतील." मी म्हटलं, "मार." दुपारभर तो रंधा मारत होता आणि मी व्हरांड्यात बसून युवकांच्या गाण्यांची यादी करत होतो.

असो. मिस्सा खरी आहे का? आहे. गव्हाची भाकर, द्राक्षारस, विधिपूर्वक दीक्षा झालेला धर्मगुरू, ख्रिस्ताचे शब्द आणि ख्रिस्तसभेला जे करायचं आहे तेच करण्याचा हेतू. हे सगळं नव्या मिस्सेत आहे. गिटारने ते बिघडत नाही. गिटार मलाही आवडत नाही, पण न आवडणं आणि खोटं असणं यांची गल्लत करू नकोस.

नव्या मिस्सेवर नीट, मुद्द्याचा आक्षेप घेतलेली माणसंही होऊन गेली. पोप पॉल सहावे यांनी ती ३ एप्रिल १९६९ ला जाहीर केली. त्याच सप्टेंबरात कार्डिनल ओत्ताविआनी आणि कार्डिनल बाच्ची यांनी पोपना पत्र धाडलं. नव्या मिस्सा-ग्रंथाच्या प्रस्तावनेतलं ७ वं कलम मिस्सेची ओळख लोकांचा मेळावा अशी करून देतं, त्यात बलिदान कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. रोमने १९७० च्या आवृत्तीत ते कलम सुधारलं आणि 'बलिदान' हा शब्द त्यात आला. दोन वृद्धांनी सही करून, ज्याला कळवायचं त्यालाच कळवलं. मिस्सेला जाणं त्यांनी सोडलं नाही.

२००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या मिस्सेचा १९६२ चा ग्रंथ पुन्हा मोकळा केला आणि जुनी मिस्सा कधी रद्द झालीच नव्हती असं स्पष्ट सांगितलं. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती मोकळीक आवळली. आता बिशपांची परवानगी लागते. जुन्या मिस्सेच्या आडून परिषदच नाकारणारे गट वाढले, हे कारण त्यांनी दिलं. मला तो निर्णय कठोर वाटला. दोषी मूठभर, शिक्षा साऱ्या वर्गाला. पण हेही कबूल करतो की खोलीत मेणबत्ती लावून "नवी मिस्सा खरी तरी आहे का" असं विचारणारं पत्र हातात आलं की त्यांना कशाची भीती वाटत होती ते समजतं.

तेव्हा आता फोन बंद. पडद्यावरच्या मिस्सेने रविवारचं कर्तव्य पूर्ण होत नाही. आजारी माणसाची गोष्ट निराळी, तू धडधाकट आहेस. पाच महिन्यांचं पापनिवेदन कर. मग रविवारची सगळ्यात पहाटेची मिस्सा गाठ, तिथे गिटार वाजवायला कुणी उठत नाही. पंधरा मिनिटं आधी जाऊन बस. आणि फादरांना गोडीत विचार, महिन्यातून एकदा पहिली युखारिस्त प्रार्थना घ्याल का? तीच जुनी रोमन प्रार्थना, नव्या ग्रंथातही आहे, फक्त लांब आहे म्हणून आम्ही टाळतो. तुझ्या आधी हे त्यांना कुणी विचारलेलं नसेल.

"फादर, धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या बातम्या वाचून माझ्या मुलीने चर्च सोडलं. ती विचारते, 'अशा हातांनी दिलेला बाप्तिस्मा, अशा हातांनी दिलेलं ख्रिस्तशरीर खरं कसं?' मला उत्तर देता येत नाही. आणि खरं सांगू, मलाच आता पटेनासं झालंय."

ताई, मुलीचा प्रश्न सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचा आहे. सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, इ.स. ३०३ नंतर, उत्तर आफ्रिकेतल्या काही बिशपांनी जिवाच्या भीतीने पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ थांबल्यावर डोनाटस पंथाचे लोक म्हणू लागले की अशा गद्दारांनी दिलेले साक्रामेंत, म्हणजे बाप्तिस्म्यासारखे पवित्र संस्कार, पोकळ आहेत. त्या गद्दारांना लॅटिनमध्ये 'त्रादितोर' म्हणत, हवाली करणारे. आणि 'त्रादित्सिओ', म्हणजे परंपरा, हा शब्दही त्याच क्रियापदाचा. पुढच्याच्या हाती ठेवा देणं आणि शत्रूच्या हाती देणं, दोन्हीला एकच धातू! सेमिनरीत हे कळलं त्या दिवशी मी दचकलो होतो.

संत ऑगस्टीनने डोनाटसवाल्यांना उत्तर दिलं: पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, ख्रिस्ताला धरून देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. साक्रामेंताचं बळ धर्मगुरूच्या पुण्याईवर टांगलेलं नाही. तसं असतं तर माझ्या हातून मिस्सा घेणाऱ्यांनी रोज माझ्या मनात डोकावून बघायला हवं होतं, आणि बरेच दिवस त्यांना उपाशीच परतावं लागलं असतं.

पण थांबा. ही शिकवण तुमच्यासारख्यांचं संरक्षण व्हावं म्हणून आहे. तुमच्या मुलीचा बाप्तिस्मा कुणाच्या पापाने पुसला जाऊ नये म्हणून. गुन्हेगाराला लपायला ती कधीच नव्हती, आणि आमच्यातल्या काहींनी तिचा तसा वापर केला. "फादर आहेत, देवाची माणसं आहेत, बोलू नका." हे वाक्य मी स्वतः बैठकांत ऐकलं आहे. एकदा ऐकून गप्प बसलो आहे. प्रकरण पैशांचं होतं, मुलांचं नव्हतं, तरी ते गप्प बसणं आजही टोचतं, कारण गप्प बसायची सवय अशीच लागते.

जुनं ते सगळं झाकून ठेवणारं, असा मुलीचा समज असेल तर तिला संत पीटर डेमियनबद्दल सांगा. इ.स. १०४९ च्या सुमारास या मठवासीयाने धर्मगुरूंच्या लैंगिक पापांवर थेट पोप लिओ नववे यांना उद्देशून पुस्तक लिहिलं. कोवळ्या मुलांना नासवणाऱ्यांवर आणि माहीत असून डोळेझाक करणाऱ्या वरिष्ठांवर त्याने कोरडे ओढले. ख्रिस्तसभेने पुढे त्याला संत मानलं आणि १८२८ साली आचार्यपदही दिलं. हीसुद्धा परंपराच. ती पाळली असती तर २००२ साली बॉस्टनमध्ये जे उघड झालं त्यातलं पुष्कळ घडलंच नसतं. बिशपांनी आरोपी धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवलं होतं, तिथल्या लोकांना काही न सांगता. २०१९ साली मॅकॅरिक या माजी कार्डिनलचं धर्मगुरूपद काढून घेतलं गेलं. फार उशिरा, पण झालं.

काही परंपरावादी मंडळी म्हणतात की हे सगळं नव्या मिस्सेमुळे, परिषदेमुळे झालं. मला हे मान्य नाही. आरोप असलेल्यांतले कितीतरी जण परिषदेच्या आधीच दीक्षित झालेले, लॅटिनमध्ये मिस्सा करणारे होते. आणि "आता सुधारणा केल्या की संपलं" म्हणणारे आधुनिक लोकही मला तितकेच उथळ वाटतात. पाप म्हणजे पाप, त्याला प्रायश्चित्त लागतं, आणि गुन्ह्याला पोलीस.

मुलीला लगेच परत आणायचा आटापिटा करू नका. भांडण काढू नका, जेवताना टोमणे नकोत. तिचा राग ख्रिस्ताच्याच बाजूचा आहे. लहानग्याला अडखळण आणणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, हे कोण बोललं ते तिला माहीत असेलच. तुम्ही स्वतः मात्र मिस्सा सोडू नका. तिच्या वाट्याची जागा तुमच्या शेजारी रिकामी ठेवा, खरोखरची, बाकावरची.

"फादर, १९५८ साली पोप पायस बारावे वारले तेव्हापासून रोमची गादी रिकामी आहे. नंतरचे सगळे पाखंडी. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण पोटासाठी गप्प आहात. पोप चुकू शकत नाही असं शिकवता, मग यांच्या चुकांचं काय?"

आपलंच ते लाल शाईचं पत्र, साहेब. मिस्सा-ग्रंथात काळ्या अक्षरांत काय बोलायचं ते असतं आणि लाल अक्षरांत काय करायचं ते. आपल्या पत्रात सगळंच लाल, म्हणून बोलायचं काय ते शोधावं लागलं.

पोटाचं म्हणाल तर निवृत्त माणूस आहे, सकाळ-संध्याकाळ पेज खातो. त्यासाठी गप्प बसायची गरज नाही.

"पोप चुकू शकत नाही" असं मी शिकवत नाही. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं ते फार अरुंद आहे. सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ या नात्याने, श्रद्धा किंवा नीतीचा एखादा सिद्धांत संपूर्ण ख्रिस्तसभेने मानावा म्हणून पोप अंतिम निर्णय देतात, तेव्हाच. त्यानंतर अशी सरळसरळ घोषणा एकदाच झाली, १ नोव्हेंबर १९५० ला, पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाची. विमानातली मुलाखत, नेमणुका, राजकारण, यांतलं काहीच त्या चौकटीत बसत नाही. पेत्र म्हणजे पहिला पोप, त्यालाही पौलाने अंत्युखियात तोंडावर सुनावलं होतं, गलतीकरांच्या पत्रात आहे. पोप होनोरियस यांना तर त्यांच्या मृत्यूनंतर, ६८१ साली, कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने दोषी ठरवलं. म्हणून त्यांच्या काळात गादी रिकामी होती असं कुणी म्हटलं नाही.

चौथ्या शतकातल्या बिशप अथनासियसचं उदाहरण आपण न छापलेल्या पानांत दिलं आहे, म्हणून ते पुरतं सांगतो. ३२५ साली नायसिया परिषदेने येशू ख्रिस्त पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. पुढची पन्नासेक वर्षं सम्राट आणि ढीगभर बिशप हे नाकारणाऱ्या आरियसच्या बाजूला झुकले. अथनासियसला पाच वेळा हद्दपार केलं, मिळून सतराएक वर्षं. पोप लिबेरियसही हद्दपार झाले आणि धमक्यांपुढे नमून त्यांनी सही दिली. हे अथनासियसनेच लिहून ठेवलंय. पण लिहितो कसा? भीतीपोटी, छळ करून वदवून घेतलेलं ते त्या माणसाचं खरं मत नव्हे, असं म्हणतो. ज्याची साथ सुटली तोच साथ सोडणाऱ्याचं वकीलपत्र घेतो! आपण अथनासियसचं नाव घेता, त्याचा हा सूर कुठे आहे आपल्या चार पानांत?

१३७८ ते १४१७ या काळात तर दोन-दोन, शेवटी तीन-तीन जण स्वतःला पोप म्हणवत होते. सिएनाची संत कॅथरीन रोमच्या उर्बन सहाव्यांच्या बाजूने. संत विन्सेंट फेरर फ्रान्समधल्या अविन्योंच्या पोपच्या बाजूने. दोघेही आज वेदीवर आहेत! खरा पोप कोण हे ओळखायला एक संत चुकला, तरी संतपणाला बाधा आली नाही, कारण तो मनापासून चुकला आणि कळल्यावर १४१६ साली सर्वांदेखत मागे फिरला.

आणि एक साधा हिशेब. पोप निवडतात ते कार्डिनल. गादी १९५८ पासून रिकामी असेल तर नंतर नेमलेले कार्डिनलही खोटे, आणि पायस बाराव्यांनी नेमलेला एकही आज हयात नाही. मग पुढचा पोप निवडणार कोण? आपण आणि मी?

चुका दिसत असतील तर बोला. चर्चच्या कायद्याचं २१२ वं कलम श्रद्धावंतांना आपल्या मेंढपाळांसमोर मत मांडायचा हक्क देतं, कधी कधी ते कर्तव्यच असतं म्हणतं. आदर राखून, एवढीच अट. निळी शाई चालेल.

"ख्रिस्तशरीर घ्यायला मी गुडघे टेकले तर फादर सगळ्यांदेखत म्हणाले, 'उठा, रांग अडते.' मी चूक केली का?"

नाही. रोमच्या २००४ च्या सूचनापत्रात, ९१ व्या परिच्छेदात, स्वच्छ लिहिलंय की केवळ गुडघे टेकून किंवा उभ्याने घ्यायचं आहे म्हणून कुणालाही ख्रिस्तशरीर नाकारता येत नाही. जिभेवर घ्यायचा हक्कही पुढच्याच परिच्छेदात आहे. फादरांना सॅक्रिस्टीत, झगे ठेवायच्या खोलीत, एकट्याने भेटा, कागद नाकापुढे नाचवू नका, आणि रांगेत शेवटी उभ्या राहा म्हणजे त्यांची अडचणही सुटेल.

वर ज्या फळीची गोष्ट सांगितली तिचा पुढचा रविवार सांगायचा राहिला. कठडा गेलेला. खांबाजवळ टेकणाऱ्यांतली एक आजी सवयीने तिथेच आली आणि उघड्या फरशीवर गुडघे टेकले. मी म्हणालो, "उठा आजी, आता उभ्यानं घ्यायचं." ती उठली. धरायला कठडा नव्हता, म्हणून माझ्या झग्याला धरून उठली. त्यानंतर ती ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे आली नाही. शेवटच्या आजारात मीच तिच्या घरी घेऊन गेलो, तेव्हा पडल्या पडल्या घेतलं.

"मी निवृत्त शिक्षिका. आमच्याकडे जुनी मिस्सा नाही, कधी होणारही नाही. परंपरा जपायची तर काय जपायचं? आणि खासगी प्रश्न: तुम्ही स्वतः कोणती मिस्सा करता?"

बाई, मिस्साच काय, धर्मगुरूही नसताना परंपरा जपलेल्यांची गोष्ट सांगतो. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले, हाकलले गेले. पुढे दोनशेहून जास्त वर्षं तिथल्या लपलेल्या ख्रिस्ती लोकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन. त्यांनी कामं वाटून घेतली. गावात एक जण बाप्तिस्मा देणारा, एक जण सणांचं पंचांग सांभाळणारा. पापनिवेदनाला कुणी नाही म्हणून पश्चात्तापाची प्रार्थना पाठ. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना तोंडातोंडी येता येता इतक्या झिजल्या की अर्थ कुणालाच कळेना, पण म्हणत राहिले. आमच्या "सुशिपियात"सारखंच! १७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये फ्रेंच फादर पेतिजाँ यांच्याकडे पंधराएक जण आले. एका बाईने हळूच सांगितलं, आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

त्यांच्याकडे काय होतं ते मोजा. बाप्तिस्म्याचं पाणी, पाठ केलेल्या प्रार्थना, उपवासाचे दिवस, मारिया. तुमच्याकडे हे सगळं आहे, शिवाय दर रविवारी मिस्सा आहे. मांस टाळून शुक्रवार पाळता का? मीही मध्यंतरी सोडला होता. दुपारची देवदूताची प्रार्थना? घरात मुलांना पश्चात्तापाची प्रार्थना पाठ आहे का? शिक्षिका आहात, चार पोरं जमवून 'क्रेदो', म्हणजे श्रद्धेची कबुली, लॅटिनमध्ये शिकवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त अर्थही सांगा. आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

खासगी प्रश्नाचं उत्तर: मी नवीच मिस्सा करतो, मराठीत. जुनीसाठी बिशपांकडे अर्ज करता आला असता, पण दोन-तीन वयस्कर सिस्टर आणि मी एवढीच आमची मंडळी, त्यांना मराठीच बरी वाटते. प्रार्थनागृह इतकं लहान आहे की वेदी भिंतीलाच लागून आहे, तेव्हा त्यांचं आणि माझं तोंड एकाच दिशेला, क्रुसाकडे असतं. नव्या मिस्सेत याला मनाई नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

जुन्या मिस्सेच्या शेवटी योहानच्या शुभवर्तमानाची पहिली चौदा वचनं वाचत. नव्यात ती नाहीत. सिस्टर चहाला गेल्या की वेदी आवरता आवरता मी ती मनातल्या मनात म्हणतो. "शब्द देही झाला" इथे उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा असतो. गेल्या पावसाळ्यापासून माझा टेकत नाही. वेदीच्या कडेला दोन्ही हातांनी धरतो आणि जमेल तितका वाकतो.